जुनं घरसामान कुठे विकावं: ॲप, सोसायटीचा ग्रुप, दुकान की भंगारवाला? आठ महिन्यांच्या वापरानंतर

‘हे अजून उपलब्ध आहे का?’ ॲपवर जाहिरात टाकून पाच मिनिटं होत नाहीत तोवर हा प्रश्न येतो. ‘हो’ म्हटलं की समोरचा गायब. हा प्रश्न कुणी टाइप केलेलाच नसतो, तयार मजकूर असतो. बटण दाबलं की गेला. मंडईत येता-जाता वांगी दाबून बघावीत तसे लोक ते बटण दाबतात. ॲपच्या पाच ताऱ्यांतला अख्खा एक तारा मी या बटणापायी कापलाय. अन्याय असेल तर असू दे.

उपाय एकच. ‘हो’ लिहायचं नाही. ‘आहे. दुसरा मजला, लिफ्ट लहान. न्यायला कधी येता, टेम्पो तुम्हीच आणणार ना?’ असं लिहायचं. याला जो उत्तर देतो तोच गिऱ्हाईक. त्याच्यासाठी फोटोही नीट हवेत: टेप लावून लांबी, रुंदी, उंची दिसेल असा एक, आणि मॉडेल नंबरच्या स्टिकरचा एक. कपाट लिफ्टमध्ये मावत नाही हे दारात कळलं की माणूस तिथेच हजार रुपये तोडतो.

ॲप फक्त अशा वस्तूंसाठी, ज्यांच्यासाठी समोरचा टेम्पो करेल: फ्रीज, वॉशिंग मशीन, लोखंडी कपाट, सागवानी पलंग. चिपबोर्डचं वॉर्डरोब मात्र टाकूच नका. एकदा सुटं केलं की स्क्रूची भोकं भुसभुशीत होतात, दुसऱ्यांदा जोडताना पकड राहत नाही, आणि ‘तुमचं कपाट डुगडुगतंय’ म्हणून फोन येतो.

फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन विकताना सगळ्यात जास्त माती होते ती ट्रान्झिट बोल्टमुळे. आतला ड्रम स्प्रिंगवर लोंबकळत असतो. कंपनीतून येताना मागच्या बाजूने लांब बोल्ट घालून तो जाम केलेला असतो. बसवणारा मेकॅनिक ते बोल्ट काढून भोकांवर प्लास्टिकची टोपणं लावतो आणि बोल्ट आपल्या हातात देतो. पुढे ते कुठे जातात कुणालाच माहीत नसतं. बोल्टशिवाय मशीन टेम्पोत हिंदकळलं की ड्रमचे शॉकॲब्सॉर्बर जातात, आणि नव्या घरी पहिल्याच स्पिनला ते नाचायला लागतं. बोल्ट सापडले तर त्यांचा फोटो जाहिरातीत टाका. जाणकार गिऱ्हाईक तिथेच भाव करणं थांबवतं. निघण्याआधी खालचा फिल्टर परातीवर उघडून पाणी काढा, नाहीतर जिनाभर सांडतं.

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, न्यायचा तो उभाच. आडवा गेलाच तर कंप्रेसरचं तेल पाइपांत जातं, म्हणून रात्रभर उभा ठेवूनच चालू करायला बजावून सांगा. स्प्लिट एसी काढताना गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घ्यावा लागतो: कूलिंग चालू ठेवून आधी बारीक पाइपचा वाल्व्ह बंद, मग जाड पाइपचा, आणि लगेच एसी बंद. हे न करता पाइप तोडले तर गॅस हवेत आणि भाव जमिनीवर.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला सुरुवातीला पाच तारे देणार होतो. मुलांची सायकल, मिक्सर, पाळणा असलं सामान तासाभरात जातं, टेम्पोची भानगड नाही. आता तीन. भाव निम्मा मिळतो आणि मिक्सरचं भांडं गळायला लागलं की शेजारीण लिफ्टमध्ये गाठते. शिवाय मोठी वस्तू बाहेर काढायला गेटपास लागतो; तो आदल्या दिवशीच करून ठेवा.

दसरा-दिवाळीतली दुकानातली एक्स्चेंज ऑफर बघायची असेल तर जुन्या वस्तूबद्दल तोंडच उघडू नका. आधी नव्या वस्तूचा रोखीचा भाव विचारा, मग एक्स्चेंज धरून. दोन्हींतला फरक हीच जुन्याची खरी किंमत, आणि ती बऱ्याचदा फलकावरच्या आकड्याच्या अर्धीही नसते. तरी बंद पडलेल्या टीव्हीसाठी हाच मार्ग बरा; उचलून नेण्याचं काम त्यांचं. इन्व्हर्टरची जुनी बॅटरीही नव्या बॅटरीच्या दुकानातच द्या, भंगारात नको.

भंगारवाल्याचा काटा तपासायला पाण्याने भरलेल्या एक-एक लिटरच्या पाच बाटल्या पिशवीत घालून आधी त्या मोजायला लावा. पाच किलोच्या जरा वर दाखवायला हवं. चार दाखवलं तर रद्दी परत वर न्या. पितळ-तांबं लोखंडात मिसळू देऊ नका. पुण्यात जुनी हत्यारं, कुलुपं, पितळी दिवे असतील तर बुधवार-रविवारचा जुना बाजार आहेच, पण तिथे विकत घेणारा व्यापारी असतो हे धरून भाव सांगा. गॅसची शेगडी विका, सिलिंडर नाही. तो कंपनीचा असतो, एजन्सीत कागद दाखवून जमा केला की डिपॉझिट परत मिळतं.

पैसे घेताना एवढंच: पैसे यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. ‘मी फौजेत आहे, वस्तू न बघताच घेतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणणाऱ्याला तिथेच ब्लॉक करा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन.

गादी मात्र कुठेच विकली जात नाही. कापसाची असेल तर पिंजाऱ्याकडे नेऊन कापूस वजन करून द्या, नव्या गादीत तो परत भरून मिळतो. फोमची असेल तर फ्रीज न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याला विचारा. सामानाखाली अंथरायला तो घेऊन जातो, पैसे देत नाही.