मराठेशाहीचा दोनखंडी इतिहास : काही महिने वापरल्यानंतर

प्रकाशनपूर्व सवलतीत घेतलेला हा संच गेल्या पावसाळ्यापासून टेबलावरच आहे. लेखक-प्रकाशकांची नावे मुद्दाम देत नाही, कारण अलीकडे घेतलेल्या बऱ्याच जाडजूड इतिहासग्रंथांची हीच रड आहे: संपादन आणि मुद्रितशोधन नीट झालेले नसते. कागद चांगला, बांधणी मजबूत, नकाशे चक्क वाचता येतात. लेखकाने मोडी कागद स्वतः वाचले आहेत हे पानोपानी कळते. राग येतो तो त्यामुळेच.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये मजकूर नेताना 'किं वा', 'सं भाजी' अशा फटी राहून गेल्या आहेत आणि 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' झाले आहे. वैताग येतो, पण असल्या चुका डोळ्याला लगेच खुपतात आणि वाचणारा मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. चुकीची तारीख मात्र पानावर अगदी शहाण्यासारखी बसलेली असते.

शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सूत्र पहिल्या खंडाच्या कालपटात (घटनांच्या तारीखवार तक्त्यात) कुणीतरी सरसकट चालवले आहे. शकवर्ष चैत्रात बदलते, त्यामुळे १ जानेवारीपासून पुढे येणाऱ्या पौष-माघ-फाल्गुनातल्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई पौष शुद्ध ८, शके १६८२ची, म्हणजे १४ जानेवारी १७६१. मूळ प्रकरणात तसेच आहे, कालपटात मात्र १७६०. पानिपतचे साल कुणीही ओळखेल हो! पण त्याच कालपटात माघ-फाल्गुनातली वतनपत्रे आणि ठाण्यांच्या लहानसहान नोंदीही वर्षभर मागे सरकल्या आहेत. त्या ताडून पाहायला सामान्य वाचकाकडे दुसरे साधन नसते. उद्या कुणीतरी त्या आपल्या लेखात उचलणार, परवा तिसरा त्या लेखाचा आधार देणार.

राज्याभिषेक एका प्रकरणात ६ जून १६७४ला, परिशिष्टात १६ जूनला. गंमत म्हणजे दोन्ही बरोबर आहेत! पहिली तारीख ज्युलियन म्हणजे जुन्या युरोपीय दिनदर्शिकेची, दुसरी ग्रेगोरियन म्हणजे आज आपण वापरतो त्या दिनदर्शिकेची. गोव्याचे पोर्तुगीज ग्रेगोरियन पद्धत वापरत, सुरत-मुंबईचे इंग्रज मात्र १७५२पर्यंत ज्युलियनलाच धरून होते. सतराव्या शतकात दोहोंत १० दिवसांचा फरक, पुढच्या शतकात ११. शिवाय तोवर इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी १६६४मधली सुरतेची लूट त्यांच्या कागदांत जानेवारी १६६३ अशीही येते. इथे मजकुरात १६६४ आणि तळटीपेत १६६३, खुलासा कुठेच नाही. लेखकाने प्रत्येक साधनातली तारीख इमानाने उतरवून घेतली असणार. 'एकच पद्धत ठरवा आणि प्रस्तावनेत सांगून टाका' असे त्याला म्हणणारा संपादकच कुणी नव्हता.

पत्रांच्या परिशिष्टात करमणुकीची सोय आहे. पेशवेकालीन पत्रांत 'छ ७ रजब' अशी तारीख येते. रजब हा मुसलमानी महिना; 'छ' म्हणजे चंद्र, त्या चांद्रमासाची तारीख. 'छ. शाहू'चा विस्तार करण्यासाठी फाइलवर सरसकट शोधा-बदला फिरवले असावे, कारण दोन पत्रांखाली 'छत्रपती ७ रजब' छापले आहे. काही पत्रांत मूळचे 'जाला' आणि 'येक' राहिले, काहींत त्यांचे 'झाला' आणि 'एक' झाले. अस्सल कागदाचे शुद्धलेखन सुधारायचे नसते, हे मुद्रितशोधकाला सांगणारे कुणी नसावे. किंवा मुद्रितशोधकच नसावा.

सूचीबद्दल थोडक्यात. पृष्ठांक सहा पानांनी मागे आहेत (प्रस्तावना नंतर वाढली असावी), तेव्हा मी मुकाट्याने सहा मिळवतो. वसई घेणारे चिमाजी अप्पा आणि दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजी अप्पा एकाच नोंदीत नांदतात. पुरंदरचा १६६५चा तह आणि १७७६चा तह यांचीही अशीच युती झाली आहे.

जुन्या ग्रंथांत चुका नसत असे अजिबात नाही. पण खिळे जुळवण्याच्या काळात गॅलीचे (पाने पाडण्याआधीचे) प्रूफ आणि पानांचे प्रूफ वेगवेगळे तपासले जाई, आणि तरीही राहिलेल्या चुकांचे शुद्धिपत्र ग्रंथातच छापत. आता लेखकाची फाइल थेट डीटीपीकडे जाते. प्रकाशन समारंभ शिवजयंतीच्या किंवा राज्याभिषेकदिनाच्या मुहूर्तावर ठरलेला असतो, आणि मुद्रितशोधकाला पानामागे तुटपुंजे पैसे देऊन आठवड्यात काम मागितले जाते. त्या पैशांत त्याने शक-सनांचा मेळ घालावा ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. ते काम संपादकाचे, आणि त्याचा पगार वाचवला गेला आहे.

प्रकाशकाला चुकांची यादी पाठवली. 'दुसऱ्या आवृत्तीत नक्की दुरुस्त करू' असे नम्र उत्तर आले. तोवर निदान वेबसाइटवर शुद्धिपत्र टाका म्हटले, त्यावर काही आले नाही.

घ्यावा का? मोडी कागदांच्या वाचनासाठी आणि नकाशांसाठी जरूर घ्या, तसे काम दुसरीकडे सहजी मिळणार नाही. मात्र कालपटातली एकही तारीख जंत्रीशी (शक-सनांच्या तारखा जुळवून देणाऱ्या कोष्टकाशी) ताडल्याशिवाय लेखात वापरू नका, आणि पत्रे उद्धृत करायची असतील तर तळटीपेतला दप्तराचा क्रमांक घेऊन मूळ पाहा. ते क्रमांक, मी तपासले तेवढे तरी, बरोबर आहेत. पूर्ण किंमत देऊन घेणार असाल तर दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहिलेली बरी.