'ओडिसी' (१९९७): इंजिनरूममधून

बोटीवर सव्वीस वर्षं काढली, सगळी इंजिनरूममध्ये. त्यामुळे समुद्रावरचं काही टीव्हीवर लागलं की घरचे आधीच हसतात, आता हे चुका काढणार. काढणारच.

'ओडिसी' ही दोन भागांची अमेरिकन मालिका. दिग्दर्शक आंद्रेई कोंचालोव्स्की, ओडिसियस, म्हणजे युद्धानंतर वर्षानुवर्षं समुद्रात भटकत घर गाठणारा ग्रीक राजा, झालाय आर्मांड असांटे. मुलाने डीव्हीडी आणून दिली, आम्ही दोन रात्रींत संपवली.

मूळ गोष्ट होमर या प्राचीन ग्रीक कवीची. त्याच्या काव्यात हा गडी पाचव्या सर्गापर्यंत दिसतच नाही. आधी बापाची वाट बघणारा पोरगा, मग बाप. आणि राक्षस-चेटकिणी हे सगळं तो पुढे परक्या राजाकडे जेवून-खाऊन झाल्यावर स्वतःच्या तोंडाने सांगतो. मालिकेने पोराच्या जन्मापासून सरळ रेघ ओढली आहे. समजायला सोपं, पण गंमत गेली. बोटीवरचा माणूस घरी येऊन सांगायला बसला की लाट दर खेपेला हातभर वाढते. होमरमध्ये अशी शंका घ्यायला जागा आहे. इथे एकडोळ्या राक्षस समोरच उभा, शंका कसली घेता?

सायरन, म्हणजे गाण्याने खलाशांना भुलवून मारणाऱ्या बाया, तर गाळूनच टाकल्यात! कानात मेण घातलेले खलाशी, डोलकाठीला बांधलेला कप्तान, याहून आयता प्रसंग टीव्हीला कुठला मिळणार होता? सिला-कॅरिब्डिस, म्हणजे एका बाजूला माणसं खाणारी राक्षसीण आणि दुसऱ्या बाजूला बोट गिळणारा भोवरा, मात्र दणदणीत. ती जागा म्हणजे इटली आणि सिसिलीमधली मेसिनाची सामुद्रधुनी, असं जुने लोक धरून चालत. मी तिथून गेलोय. सगळ्यात अरुंद ठिकाणी जेमतेम तीन किलोमीटर, भोवरे खरेच उठतात, फक्त आमची बोट गिळण्याएवढे नव्हते.

वादळी वारे कोंडलेली पिशवी खलाशी फोडतात तेव्हा मी जोरात 'अरे!' म्हणालो. मूळ काव्यात ओडिसियसने नऊ दिवस सुकाणू कुणाला दिलेलं नसतं, दहाव्या दिवशी गाव दिसतं आणि डोळा लागतो. वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, न बदलणाऱ्याचं दुसरं काय होणार?

मग पाताळात आई भेटते. इरीन पापास. याच बाईंनी १९६८च्या इटालियन मालिकेत पेनेलोपी केली होती; तेव्हाची वाट बघणारी बायको आता वाट बघून संपलेली आई. माझी आई गेली तेव्हा आम्ही अटलांटिकमध्ये होतो, मला कळलं बंदराला लागल्यावर, अकराव्या दिवशी. तो भाग मी परत लावला नाही.

बायकोने मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी, मागणी घालणाऱ्यांना थोपवून धरणाऱ्या पेनेलोपीचे प्रसंग पुन्हा बघितले. म्हणाली, "दिवसा विणायचं, रात्री उसवायचं. हिच्याकडे निदान माग तरी होता."