२८,५०० रुपये दलाली वाचवली, ११,७४,००० रुपये गेले

आधी आकडे सांगतो. घराचा सौदा १४,२५,००० रुपयांचा. हातात आले २,५१,०००. बाकी ११,७४,०००, ती आजपर्यंत बाकीच आहे. घरावर माझं नाव राहिलं नाही. खरेदीखतावर सही माझी, अंगठा माझा, फोटो माझा. कोणी ओटीपी मागितला नाही, कोणी धमकावलं नाही. मी स्वतःच्या पायाने तालुक्याला गेलो आणि घर लिहून देऊन आलो.

तीस वर्षं मी जिनिंग फॅक्टरीत हिशेब पाहिला. कापसाच्या गाड्या, कास्तकारांचे चुकारे, व्यापाऱ्यांचे चेक, सगळं माझ्या हाताखालून जात होतं. म्हणून "तुम्हाले कसं काय फसवलं बाप्पा?" असं कोणी विचारलं की ते फार लागतं. गावात हे दिवसातून दोनदा तरी ऐकतो.

घर वडिलांनी बांधलेलं. समोर स्लॅबच्या दोन खोल्या, मागे कवेलूचं सैपाकघर, परसात विहीर आणि कडुनिंब. गावठाणातली २,१५० चौरस फूट जागा. अमरावतीला मुलाने फ्लॅट बुक केला होता, इकडे बायकोचे गुडघे गेलेले. दोघांनीही तिकडेच जायचं ठरलं. गावातल्या दलालाने दोन टक्के सांगितले, म्हणजे माझे २८,५०० रुपये. मी म्हटलं, घर माझं, कागद माझे, टॅक्स पावती भरलेली, गिऱ्हाईक आणायचे एवढे पैसे कशाला? यात माझं काय चुकलं होतं ते अजूनही सांगा. लोभ म्हणाल तर तेवढे पैसे आमच्या घरी चार महिने पुरतात. आणि दलाल काय देवमाणसं असतात असंही नाही. पण गिऱ्हाईक कोण, कुठलं, पैसा कुठून येणार, हे तो चार ठिकाणी विचारून घेतो. ते काम आता माझ्यावर आलं आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

फोटो काढून जाहिरात टाकली, स्वतःचा नंबर दिला. आठ-दहा लोक येऊन गेले. कोणी दहा म्हणे, कोणी साडेनऊ. मग डिसेंबरात एक जोडपं आलं, पांढऱ्या गाडीतून. नागपूरकडचे, रस्त्यांच्या कामाचा ठेकेदार म्हणून सांगितलं. मला काकाजी, बायकोला काकू. त्याच्या बायकोने सैपाकघरात जाऊन पाटा-वरवंट्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काकू, हे इथंच राहू द्याल ना?" मी साडेचौदा सांगितले होते, त्याने पंचवीस हजार कमी करायला लावले आणि हात मिळवला. घर पाहायला आलेला माणूस छताला ओल आहे का ते बघतो, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते का विचारतो, नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा उतारा, मागतो. याने यातलं एकही केलं नाही. ज्याला घरात राहायचंच नाही तो ओल कशाला बघेल?

५ जानेवारी २०२५ ला पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर इसारपावती झाली. इसार ५१,००० : फोनवरून ११,००० आणि नगदी ४०,०००. इथेच एक गोष्ट लिहून ठेवा. घर किंवा जमीन विकताना वीस हजार किंवा त्याहून जास्त नगद घेता येत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २६९ एसएस. दंड बसतो तो नगद घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेइतकाच. मला हे माहीत नव्हतं. गावात इसार नगदीच देतात, माझ्या बापानेही तसाच घेतला होता.

खरेदीचा दिवस त्यानेच धरला : शुक्रवार, २४ जानेवारी. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, त्यानंतर रविवारी २६ जानेवारी. म्हणजे सोमवारपर्यंत बँकेत काही विचारायची सोय नाही. सकाळी अकराला माझ्या खात्यात २,००,००० जमा झाल्याचा मेसेज आला. खरेच आले होते, पासबुकात आहेत. बाकीचे कर्जातून येणार आहेत, बँकेला खरेदीखत दाखवल्याशिवाय रक्कम सुटत नाही, म्हणून दोन चेक पुढच्या तारखेचे देतो, असं तो म्हणाला. कर्जाचं मंजुरीपत्र मागितलं तर गाडीत आहे म्हणाला. गाडी पुढच्या चौकात उभी होती.

आता तो क्षण, जो मला रात्री झोपू देत नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टिनाच्या शेडखाली दस्तलेखकाचं टेबल होतं. तो दस्तलेखकही त्याचाच, दोन्ही साक्षीदारही त्याचेच. त्याने चेक हातात दिले. ५,७४,००० चा, तारीख १० फेब्रुवारी. ६,००,००० चा, तारीख १० मार्च. सवयीने मी खिशातली डायरी काढली आणि नंबर उतरवून घेतले. ०००००२ आणि ०००००३.

त्या चेकबुकात माझ्याआधी एकच चेक फाटला होता. रस्त्यांचे ठेके घेणारा माणूस, आणि खात्याचा दुसरा चेक तो मला देतो! जिनिंगमध्ये एखादा नवा व्यापारी असला लहान नंबरचा चेक घेऊन आला की मी पहिला फोन बँकेला करायचो. चेक वटल्याशिवाय गाठी गेटबाहेर सोडत नव्हतो, मालक ओरडला तरी. परक्या माणसाच्या मालाची मी तीस वर्षं अशी राखण केली आणि बापाच्या घराच्या वेळी नंबर डायरीत लिहिला, खाली रेघ मारली, डायरी खिशात ठेवली. रेघसुद्धा पट्टीने मारल्यासारखी सरळ आहे. वकिलांना डायरी दाखवायला काढतो तेव्हा ती दिसते.

दस्त चौदा पानांचा. व्हॉट्सॲपवर त्याने दोन दिवस आधी मसुदा पाठवला होता, तो मी पूर्ण वाचला होता. त्यात "दोन्ही धनादेश वटल्यानंतर ताबा देण्यात येईल" असं स्पष्ट होतं. छापून आलेल्या दस्ताची मी तीन पानं वाचली, चतुःसीमा तपासल्या. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. आत साहेबांनी विचारलं, दस्त मंजूर आहे का? हो म्हटलं. पैसे मिळाले का? चेक शर्टाच्या खिशात होते. हो म्हटलं. अंगठा, फोटो, सही, दहा मिनिटांत बाहेर. नवव्या पानावर ओळ बदललेली होती : "संपूर्ण मोबदला भरून पावलो, काही एक तक्रार नाही. मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा आजरोजी दिला." व्हॉट्सॲपवर वाचलेला कागद आणि सहीचा कागद एकच असतो असं समजू नका. सही करण्याआधी प्रत्येक पान पुन्हा वाचा, मागे रांगेतले लोक कितीही बोलले तरी.

पहिला चेक १२ फेब्रुवारीला परत आला. खात्यात पुरेशी रक्कम नाही. वर बँकेने माझ्याच खात्यातून २९५ रुपये कापले. त्याला फोन केला. "काकाजी, बिल अडकून राहिलं, आठ दिवसांत पुन्हा टाका." मग होळी झाल्यावर, मग गुढीपाडव्याला. दुसरा चेक १२ मार्चला परत आला, खाते बंद. फोनही त्याच आठवड्यात बंद.

ज्याच्या हातात आज परत आलेला चेक आहे त्याने पुढचं दोनदा वाचावं. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, नंतर त्याला पंधरा दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात कोर्टात तक्रार. चेक स्वतः तारखेपासून तीनच महिने चालतो. दुसऱ्या चेकची नोटीस मी ४ एप्रिलला रजिस्टर पोस्टाने पाठवली, ती केस उभी आहे. पहिल्या चेकचे तीस दिवस त्याच्या गोड बोलण्यात गेले, पुन्हा टाकायची मुदत १० मेला संपली. ५,७४,००० चा चेक आज नुसता कागद आहे. त्याचं ते "आठ दिवसांत टाका" म्हणणं यासाठीच होतं, हे मला वकिलांच्या खुर्चीसमोर बसल्यावर कळलं.

दरम्यान ग्रामपंचायत. १४ फेब्रुवारीला मी अर्ज घेऊन गेलो की नमुना आठवर फेरफार करू नका, पैसे मिळाले नाहीत. बाबूने रजिस्टर उघडून दाखवलं, ३१ जानेवारीच्या मासिक सभेत नाव चढलं होतं. सात दिवसांत! माझे वडील वारले तेव्हा वारस म्हणून माझं नाव लावायला याच पंचायतीने सात महिने घेतले होते. माझ्या अर्जावर शिक्का मारून पोच द्यायलाही "साहेब मीटिंगले गेले" म्हणत तीन चकरा मारायला लावल्या.

२ मार्चला, रविवारी, दारात एक नवं जोडपं उभं. सोबत लहान मुलगी आणि हातात मोजमापाचा टेप. त्यांनी २० फेब्रुवारीला हे घर साडेदहा लाखांत विकत घेतलं होतं, माझ्याच खरेदीदाराकडून, रीतसर नोंदणी करून. मी त्यांना सपरीत बसवलं, बायकोने चहा केला. चहा थंड झाला, त्यांनाही काय बोलावं सुचेना. त्या बाईने हळूच विचारलं, "मग तुम्ही कवा खाली कराल जी?" तिच्यावर मला राग काढता आला नाही. त्यांनीही पैसे मोजले आहेत.

पोलीस ठाण्यात मी एकूण अकरा वेळा गेलो. पहिल्या दिवशी : "सही तुमचीच ना? मंग फसवलं कसं? हा दिवाणी मामला हाय, कोर्टात जा." चौथ्या वेळी इसारपावती पाहून एकाने विचारलं, "चाळीस हजार नगदी घेतले? इन्कम टॅक्सवाल्याले कळवू का?" त्या एका वाक्याने मी तीन आठवडे घरात बसलो. फसवणाऱ्याला फोन करायला यांना वेळ नाही, फसलेल्याला भेव दाखवायला आहे! दुय्यम निबंधक कार्यालयात सांगितलं की आम्ही दस्त नोंदवतो, पैसे दिले-घेतले ते पाहणं आमचं काम नाही. कायद्याने ते बरोबर असेल. मग आत "पैसे मिळाले का" विचारता कशाला? तो प्रश्न आज माझ्याच विरुद्ध उभा आहे. जिल्ह्याला गेलो तर तिथले म्हणाले, ठाण्याचा अहवाल येऊ द्या. ठाण्यात म्हणाले, जिल्ह्याचं पत्र येऊ द्या. एका वेळच्या जाण्यायेण्यात, एसटी आणि झेरॉक्स धरून, माझे २४० रुपये जात होते. मी हिशेब ठेवला आहे.

तक्रार घेत नसतील तर माझ्यासारखे हेलपाटे मारू नका. लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोस्टाची पावती जपा, आणि तरीही हालचाल झाली नाही तर सरळ न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हाच मार्ग दिला आहे. फसवणुकीचं जुनं ४२० आता न्याय संहितेत ३१८ झालं आहे. हे मला पाचव्या महिन्यात वकिलांनी सांगितलं. ठाण्यातल्या एकानेही सांगितलं नाही.

"पैसे दिले नाहीत म्हणजे खरेदी रद्दच ना?" मीही हेच धरून बसलो होतो. तसं नाही. खरेदीखत नोंदवलं की मालकी गेली, पैसे पूर्ण मिळोत न मिळोत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्येच "दिलेली किंवा देण्याचं कबूल केलेली" किंमत असं आहे. २०२० मध्ये गुजरातेतल्या जमिनीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं. विकणाऱ्याकडे राहतो तो फक्त उरलेल्या पैशाचा हक्क. वकील म्हणतात, दस्तात चेकच्या तारखा खरेदीनंतरच्या आहेत, म्हणजे पैसा बाकी होता हे दुसऱ्या खरेदीदाराला दस्त वाचून कळायला हवं होतं. आमची सगळी भिस्त त्या दोन तारखांवर आहे, आणि समोर माझीच "भरून पावलो" ही ओळ आहे.

म्हणून पुढच्या तारखेचा चेक घेऊन खरेदीखत करून देऊ नका. कर्ज असेल तर आधी साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, नोंदवा. बँकेचा माणूस डिमांड ड्राफ्ट घेऊन खरेदीच्या टेबलावर येतो, तो आला तरच सही. ड्राफ्ट हातात आला तरी तो ज्या शाखेचा आहे तिथे फोन करून खात्री करा. एक साक्षीदार तरी तुमचा पाहिजे. दस्तलेखकाची फी तुम्ही द्या, म्हणजे तो तुमचं ऐकेल. दलाल नको असेल तर नको, पण दोन-तीन हजार देऊन वकिलाकडून दस्त वाचून घ्या. सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा उतारा, नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर फुकट पाहता येते. मी ती २१ फेब्रुवारीनंतर एकदा जरी उघडली असती तर दुसरी विक्री आठ-नऊ दिवस आधी कळली असती. आणि शेवटचा रुपया खात्यात येईपर्यंत किल्ली देऊ नका. ही एकच गोष्ट मी बरोबर केली, म्हणून आजही आम्ही याच घरात आहोत. दस्ताप्रमाणे आम्ही इथे बेकायदेशीर राहतो.

मुलाच्या फ्लॅटचं बुकिंग मोडलं, भरलेल्या १,००,००० मधून २५,००० कापले गेले. तो मला काही बोलत नाही. फोनवर आईशीच बोलतो.

चेकच्या केसला ९ डिसेंबर २०२५ ची तारीख पडली होती. नोटीस "पत्त्यावर आढळून येत नाही" असा शेरा घेऊन परत आली, समन्सही तसंच आलं. आधारकार्डावरचा पत्ता भाड्याच्या खोलीचा निघाला. कोणाकडे असं जोडपं घर पाहायला आलं असेल, पांढरी गाडी, रस्त्याचा ठेकेदार, बायको थेट सैपाकघरात जाते, भावात फार ओढाताण नाही, खरेदीला सुटीच्या आदला शुक्रवार मागतात, तर इसार घेऊ नका आणि मला कळवा. ज्यांच्याकडून घर लिहून घेतलं असेल त्यांनी लाजून गप्प बसू नये. माझ्या वकिलांना दुसरी तक्रार हवी आहे. एकट्याची असली की पोलीस ती दिवाणी म्हणून परत करतात.