मुलाखतीचा सूट: शिवून घ्यावा की तयार आणावा?

भाच्याला बँकेत मुलाखतीचं बोलावणं आलं आणि तयार सूट घ्यावा की इंदूरच्या तुकोजीराव क्लॉथ मार्केटातून कापड आणून शिवावा, यावर तो अडला. रंगाचा वादच नको: गडद निळा किंवा गडद करडा, एकरंगी. पांढरा शर्ट, लेसचे काळे बूट.

खर्चात तयार सूट बहुधा स्वस्त पडतो, फक्त आल्टरेशनचे पैसे धरायला हवेत.

खरा फरक बसण्यात. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडापाशीच संपली पाहिजे. तयार कोटाची कंबर आवळता येते, बाही आखूड होते; खांदा मात्र सहसा धड दुरुस्त होत नाही. तिथे घोळ दिसला की कोट परत ठेवा, दुकानदार काहीही म्हणो. टेलरकडे कच्च्या शिलाईवरच हे सुधारतं. बाहीतून शर्टाचा कफ सेंटीमीटरभर दिसावा, तेही तेव्हाच बघून घ्या.

टिकण्यात शिवलेला पुढे, कारण चांगला टेलर आत माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवतो. पोट सुटलं तर पँट उसवून वाढवता येते. इंदूरच्या मे महिन्यात पॉलिएस्टरपेक्षा पातळ लोकरी कापड सुसह्य, आणि कापड स्वतः निवडलं तर हे आपल्या हातात राहतं.

वेळेत तयार सूट जिंकतो. लग्नसराईत टेलरच्या तारखेच्या भरवशावर राहू नका.

मुलाखत आठवड्यावर असेल आणि खांदा नीट बसत असेल, तर तयार घ्या. महिना हाताशी असेल, खांदे उतरते असतील किंवा नोकरीत रोज सूट लागणार असेल, तर शिवूनच घ्या.