लुआलाटेकमध्ये मराठी मजकुराची तुलना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लुआलाटेक म्हणजे छपाईसाठी मजकूर मांडणारी लाटेक प्रणाली, जिच्या आत लुआ ही प्रोग्रॅमिंग भाषा चालते. मॅक्रोतला (नाव दिलेल्या आज्ञेतला) मजकूर लुआकडे द्यायचा, == ने ताडून पाहायचा आणि त्यावरून साचा निवडायचा, हे काम लुआलाटेक चोख करतं. नुसत्या टेकमधल्या (लाटेकच्या पायाभूत प्रणालीतल्या) कसरतींपेक्षा कितीतरी सोपं. फक्त पडद्यावर दिसतं तेच लुआला मिळतं, असं धरून चालू नका.

'डायरेक्टलुआ' (लुआचा कोड चालवणारी आज्ञा) आपल्या महिरपी कंसातलं सगळं आधी उलगडतं, म्हणजे मॅक्रोच्या जागी त्याचा मजकूर घालतं, मग लुआला देतं. मॅक्रोच्या व्याख्येत 'पुणे'नंतर ओळ मोडली आणि तिच्या शेवटी % द्यायचा राहिला, की मागे एक रिकामी जागा चिकटते. लुआच्या # ने लांबी मोजा: १२ ऐवजी १३ बाइट (साठवणीचं एकक). म्हणून आधी दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा छाटाव्यात. उलगडायचं नसेल तर 'डीटोकनाइझ' वापरावं, पण त्यावर 'लुआएस्केपस्ट्रिंग' (\ सारखी चिन्हं लुआसाठी सुरक्षित करणारी आज्ञा) हवंच. नाहीतर ठळक अक्षरांच्या 'टेक्स्टबीएफ' आज्ञेमधला \ आणि टी मिळून लुआत टॅब होतो.

लुआचा कोड सरळ वेगळ्या फाइलीत ठेवा. डायरेक्टलुआच्या आत ~= (लुआत 'समान नाही') चालत नाही, कारण लाटेकसाठी ~ म्हणजे न तुटणारी जागा. -- ने टीप लिहिली तर ओळी एकत्र होतात आणि पुढचा सगळा कोड टिपेत जातो.

खरी डोकेदुखी देवनागरीची. 'दऱ्या' आणि 'दर्‍या' छापून आल्यावर सारखेच दिसतात. पहिल्यात नुक्त्याचा ऱ आहे, एकूण १५ बाइट. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह, एकूण १८. लुआ बाइट ताडतं, त्यामुळे उत्तर 'वेगळे'. 'लुआ-युनि-नॉर्मलाइझ' या तयार लुआ मॉड्यूलमधलं एनएफसी फंक्शन सुटा नुक्ता र ला जोडून ऱ करतं, पण जोडचिन्हाला हात लावत नाही. 'ॲ' आणि 'अॅ' यांनाही ते एक करत नाही. या दोन्हींसाठी जीसबच्या (लुआतलं शोधून बदलणारं फंक्शन) दोन ओळी स्वतः लिहाव्या लागतात. त्या तुलनेच्या दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावल्या तर घोळ तसाच राहतो.

निकाल लुआकडून टेककडे परत पाठवताना 'टेक.प्रिंट' नको, 'टेक.एसप्रिंट' घ्या. पहिलं प्रत्येक स्ट्रिंगला स्वतंत्र ओळ मानतं, म्हणून शब्दामागे नको ती जागा येते. मजकुरात & किंवा _ असेल तर टेक.एसप्रिंटला पहिला आर्ग्युमेंट (कंसातलं पहिलं मूल्य) -२ द्यावा, म्हणजे ती साधी अक्षरं धरली जातात.

शब्दांची सूची वर्णक्रमाने लावण्यासाठी मात्र < वर विसंबू नका. युनिकोडात (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे, आपल्या वर्णमालेत ह नंतर. क्ष, ज्ञ तर तिथे स्वतंत्र अक्षरंच नाहीत. क्रमाचा तक्ता स्वतः बांधावा लागतो.