नवतपा, एमएस आणि दोन कूलिंग जॅकेट

मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजेच एमएस, या आजाराचे निदान होऊन मला सहा वर्षे झाली आणि तेव्हापासूनचा प्रत्येक मे महिना मी नागपुरात कूलरसमोर बसून काढला. यंदा मात्र ऑनलाइन दोन कूलिंग जॅकेट मागवली. एक पाण्यात भिजवून घालायचे, अठराशे रुपयांचे. दुसरे गोठणाऱ्या पाकिटांचे, जवळपास सात हजारांचे. दोन्ही तीन महिने वापरून हे परीक्षण लिहीत आहे.

जॅकेटची गरज का पडते, हे आधी सांगायला हवे, कारण ती विक्रेत्यानेही कुठे सांगितलेली नाही. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. आवरण गेलेल्या तंतूंतून संदेश कसाबसा पुढे सरकतो आणि शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो अडखळतो किंवा थांबतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने 1890 मध्ये याची नोंद केली, म्हणून या प्रकाराला त्याचेच नाव आहे. माझ्या बाबतीत सांगायचे, तर गोकुळपेठ बाजारात दहा मिनिटे उन्हात उभे राहिले की उजव्या डोळ्यासमोर भावाच्या पाटीवरचे आकडे पुसट होतात आणि डावे पाऊल जमिनीवर घासू लागते. सावलीत अर्धा तास बसले की सारे पूर्ववत होते. यात नवी इजा होत नाही, हे डॉक्टरांनी समजावून सांगेपर्यंत दर वेळी नवा झटका आल्याच्या धास्तीने मी गर्भगळीत होत असे. घरच्यांचे मत मात्र ठरलेले होते : ऊन लागले, पन्हे घे.

आता जॅकेटविषयी. भिजवायचे जॅकेट म्हणजे अंगावर घातलेली वाळ्याची ताटीच. दहा मिनिटे बादलीत बुडवायचे, हलके पिळायचे आणि घालायचे. विदर्भातील कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, त्यामुळे मे महिन्यात त्याने उत्तम काम केले. सकाळी भाजी आणणे, बँकेत जाणे एवढे सहज जमले. जूनअखेरीस पाऊस सुरू झाला आणि दमट हवेत कूलर जसा निरुपयोगी होतो, तसेच याचे झाले. अंगावर ओले फडके घेऊन फिरण्यापलीकडे त्याचा उपयोग उरला नाही.

दुसऱ्या जॅकेटला पुढे दोन, मागे दोन अशी चार पाकिटे असतात. त्यांतील द्रव बर्फाच्या पाण्यात तासाभरात पांढरा आणि घट्ट होतो, मग हळूहळू वितळताना अंगातील उष्णता शोषून घेतो. साध्या बर्फासारखा तो कातडीला झोंबत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू. जाहिरातीत दोन तासांचा दावा आहे. सीताबर्डीत दुपारी मला सव्वा तास मिळाला आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वजनाची आहे. ज्याचे पाय आधीच थकलेले आहेत, त्याच्या खांद्यावर दोन किलोंचा भार म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. पुढची चेनही इतकी बारीक आहे की बोटे बधिर असलेल्या दिवशी ती लावायला मला मुलीला हाक मारावी लागते.

तरीही या जॅकेटने एक काम असे केले, जे त्याच्या डब्यावर लिहिलेले नाही. हा आजार बाहेरून दिसत नाही. पाऊल अडखळले की लोकांना दारूचा संशय येतो, थकवा आला की आळसाचा. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो, त्यामुळे "या वयात काय झालं हिला?" हा प्रश्न कायम पाठीशी असतो. जॅकेट घातल्यावर प्रश्न बदलला. भाजीवाल्या मावशींनी सरळच विचारले, "ताई, हे काहून घातलं?" मी सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकले आणि पुढच्या खेपेस छत्रीखाली स्टूल सरकवले. हार्डवेअरच्या दुकानात मी "एमएस आहे" म्हणताच मालकाने लोखंडी पाइपचा भाव सांगितला (त्यांच्या धंद्यात एमएस म्हणजे माइल्ड स्टील), ते वेगळे! पण नंतर दहा मिनिटे आम्ही या दुसऱ्या एमएसबद्दलच बोललो आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत हा आजार आहे, हे त्यांना प्रथमच कळले.

जागतिक एमएस दिन 30 मे रोजी असतो, म्हणजे ऐन नवतप्यात, मे अखेरच्या त्या सर्वाधिक तापणाऱ्या नऊ दिवसांत. त्या दिवशी सभागृहात भाषणे ऐकण्यापेक्षा हे जॅकेट घालून बाजारात एक फेरी मारणे मला अधिक उपयोगाचे वाटले.

म्हणूनच सोबतच्या माहितीपत्रकाचा राग येतो. त्यात भट्टीवरचे कामगार आहेत, मोटारसायकलस्वार आहेत, धावपटू आहेत. एमएसचे नाव कुठेही नाही आणि जॅकेट हा औषधाला पर्याय नाही, ही सूचनाही नाही. एक ओळ वाढवा, असे मी विक्रेत्याला कळवले. "आपली वस्तू तुटलेली आली आहे का?" असे उत्तर आले. मी पुन्हा लिहिले आहे आणि त्यासोबत पाकिटांच्या दुसऱ्या संचाची मागणीही नोंदवली आहे, कारण सव्वा तासात सीताबर्डीहून घरी परतणे दर वेळी जमत नाही.