दौरोच्या खोऱ्यात तारेने बांधलेले घड

आधी हिशेब सांगते. माणशी १८० युरो, आम्ही चौघं, म्हणजे ७२० युरो. वर नवऱ्याने भावनेच्या भरात घेतलेली बाटली ९५ युरोंची. एकूण ८१५ युरो देऊन आम्ही काय केलं, तर कुणीतरी बाजारातून विकत आणलेली द्राक्षं वेलीवरून तोडली. हो, वेलीवरूनच. तेच तर सांगायचंय.

पोर्तुगालमध्ये दौरो नदीच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंचे डोंगर पायथ्यापासून वरपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले आहेत. दगड शिस्टचा, पापुद्रे सुटणारा, आणि त्यातच द्राक्षांच्या बागा. पोर्ट वाइन इथलीच. २००१ साली या भागाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथल्या द्राक्षकाढणीला विन्दिमा म्हणतात, आणि त्या दिवसांत पाहुण्यांच्या हातात कात्री देऊन त्यांना बागेत उतरवणाऱ्या बऱ्याच किंता आहेत. किंता म्हणजे बाग, घर, तळघर सगळं मिळून असलेली वाडी. पैसे मोजून मजुरी करायची हौस, असं भाऊजी म्हणाले होते. पण ताईला द्राक्षं पायांनी तुडवायची होती, आणि ताईने एकदा मनात घेतलं की भाऊजींचं मत विचारात घेतलं जात नाही.

चूक झाली ती एप्रिलमध्ये, घरी बसल्या बसल्या. व्हिसासाठी तारखा हव्यात, तिकिटं हवीत, नवऱ्याची रजा चार महिने आधी मंजूर करून घ्यायची. त्यामुळे आम्ही सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होतो: काढणी नक्की कोणत्या तारखेला? चार किंतांकडून जवळजवळ सारखंच उत्तर आलं. साधारण सप्टेंबर, नक्की ऑगस्टमध्ये कळवू. एकीने तर लिहिलं की उन्हाळा कडक गेला तर ऑगस्टअखेरीसच सुरू होईल, तेव्हा ऑक्टोबरवर फार विसंबू नका. मला वाटलं, काय बेशिस्त माणसं आहेत! पाचव्याने दहा मिनिटांत उत्तर पाठवलं. १२ ऑक्टोबर, सकाळी १०, पाऊस असो ऊन असो, काढणी होणारच, तुडवणं होणारच, जेवणासह. मी त्याला पसंत केलं. जे खरं बोलत होते त्यांना नापास करून.

अर्धे पैसे आगाऊ, बँकेतून थेट खात्यावर. कार्ड चालत नाही, कारण म्हणे 'आमचा छोटा घरगुती व्यवसाय, कार्डाचं कमिशन परवडत नाही'. पोर्तुगालमधल्या बँक खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, पीटी५० ने सुरू होतो, हे मला आज माहीत आहे. आम्हाला आलेला आयबॅन दुसऱ्याच देशाच्या अक्षरांनी सुरू होत होता. आता, सज्जन माणसाचंही खातं परदेशात असू शकतं. पण पाच पिढ्या त्याच डोंगरावर द्राक्षं पिकवणाऱ्या घराचं खातं दुसऱ्या देशात का असावं, एवढा साधा प्रश्नही तेव्हा पडला नाही. फोटो सुंदर होते. (ते तीन वेगवेगळ्या किंतांच्या पानांवरून उचललेले होते. फोटोवरून शोध घ्यायला मला नंतर पाच मिनिटं लागली.)

पोर्तोहून रेल्वेने पिन्याँव या दौरोकाठच्या गावी जायला साधारण अडीच तास लागतात. वाटेत रूळ नदीला येऊन मिळतात आणि मग नदी सोडतच नाहीत. तो प्रवास मात्र आयुष्यात एकदा कराच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. रेग्वा स्टेशन मागे पडल्यावर ताई खिडकीला नाक लावून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "अगं, पानं लाल-पिवळी झालीयत. पण द्राक्षं कुठंयत?" मी म्हटलं, वरच्या बाजूला असतील. आपल्याला हवं ते खरं मानायला माणूस किती तयार असतो! मैलोन्‌मैल एकाही वेलीवर घड नव्हता आणि मी म्हणत होते, वरच्या बाजूला असतील.

पिन्याँवच्या स्टेशनच्या भिंतींवर निळ्या रंगाच्या टाइल्समध्ये काढणीची चित्रं आहेत, १९३७ साली बसवलेली. टोपल्या पाठीवर घेतलेली माणसं, नदीतल्या होड्या. आमचा गाईड त्याच चित्रांपुढे उभा होता. गोड माणूस. आम्हाला सगळ्यांना नमस्ते केलं, चित्रांची माहिती दिली, आणि ती देता देताच उरलेले ३६० युरो रोख घेतले. पावती संध्याकाळी. मग आम्ही चौघं आणि आणखी सहा-सात जण एका व्हॅनमध्ये बसून वळणावळणाच्या रस्त्याने पाऊण तास वर गेलो. हा पाऊण तास लक्षात ठेवा. तिथून परत यायला त्यांच्या व्हॅनशिवाय काहीच साधन नव्हतं, आणि पुढे जे झालं त्यावर कुणी तोंड उघडलं नाही याचं निम्मं कारण तेच आहे.

बागेत रस्त्याकडेच्या दोन ओळी तेवढ्या घडांनी भरलेल्या. मागच्या सगळ्या मोकळ्या. गाईड म्हणाला, या ओळी खास तुमच्यासाठी राखल्या आहेत. हातमोजे दिले, टोप्या दिल्या, कात्र्या दिल्या, प्लॅस्टिकचे क्रेट दिले. एक मुलगा सतत फोटो काढत होता. क्रेट उचला, इकडे बघा, हसा. ताईचे तर त्याने पंचवीस-तीस फोटो काढले असतील, कारण ती खरोखरच आनंदात होती.

भाऊजी मूळचे शेतकरी घरातले. ते कात्री न चालवता एका घडाकडे बघत उभे होते. मला हळूच म्हणाले, "इकडे ये. देठ बघ." मी बघितलं. देठ वरच्या टोकाला तपकिरी, सुकून आकसलेला. ताजा घड असेल तर देठ हिरवा असतो, निदान काडीला जोडलेला तरी असतो. हा जोडलेला नव्हता. काडीला हिरव्या रंगाची बारीक तार दोन वेढे देऊन पिळली होती आणि त्या तारेत तो देठ अडकवला होता. पुढचा घड, तसाच. त्याच्या पुढचा, तसाच. भाऊजींनी एक मणी तोंडात टाकला, चावला, आणि माझ्याकडे बघितलं. "ह्यात बी नाहीये."

वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान असतो, साल जाड, आत बिया. तोरिगा नासिओनाल ही इथली नावाजलेली जात, तिचे मणी तर अगदीच बारीक. आमच्या हातात होते ते टपोरे, लांबट, पातळ सालीचे काळे मणी. बिनबियांचे. खायची द्राक्षं. कुणीतरी पहाटे उठून दोन ओळींत चाळीस-पन्नास घड तारेने बांधले होते. मला संताप यायच्या आधी, खरं सांगते, त्या माणसाच्या चिकाटीचं कौतुक वाटलं.

गाईडला विचारलं. तो जराही गडबडला नाही. म्हणाला, हा फार जुना, दुर्मिळ वाण आहे, आणि तार वाऱ्यासाठी. त्यावर काय बोलणार? बाकीचे लोक खुशीत होते. ताईकडे बघून भाऊजी म्हणाले, "तिला आत्ता सांगू नकोस." नाही सांगितलं.

जेवण बरं होतं. तुडवण्याच्या कार्यक्रमासाठी अंगणात एक मोठं प्लॅस्टिकचं टब ठेवलं होतं, त्यात घोट्याइतकी तीच द्राक्षं. एका वेळी तिघं, प्रत्येकी पाच मिनिटं, स्पीकरवर अकॉर्डियनचं गाणं. बाहेर आल्यावर नळाखाली पाय धुतले तर पाय स्वच्छ. डाग नाही, काही नाही. आणि मग बाटली. गाईडच्या 'आजोबांच्या पिंपातली' ३५ वर्षं जुनी पोर्ट, हाताने लिहिलेलं लेबल, लाखेचं बूच. मी नवऱ्याला डोळ्याने खुणावत होते, पण तोवर दोन प्याले झाले होते.

त्या बाटलीतलं खोटं ओळखायला वाइनमधलं काही कळावं लागत नाही. पोर्टच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यावर दौरो आणि पोर्तो वाइनच्या सरकारी संस्थेची क्रमांक छापलेली कागदी पट्टी असते. आमच्या बाटलीवर नव्हती. आणि पिंपात मुरवलेल्या टॉनी पोर्टवर वयाचे ठरावीक आकडेच लिहिता येतात: १०, २०, ३०, ४०, अलीकडे ५० वगैरे. ३५ हा आकडाच त्यात नाही.

हे सगळं कळलं दुसऱ्या दिवशी. ताईला रात्री सांगितलं होतं, ती पाच मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, उद्या खरं काहीतरी बघूनच जायचं. म्हणून पिन्याँवमधून चालत जाता येईल अशा एका किंतेत गेलो. तळघर दाखवणारी बाई पन्नाशीची, तिचे तळहात अजून जांभळे. तिला आम्ही तारेची गोष्ट सांगितली तर ती आधी हसली आणि मग हसल्याबद्दल माफी मागितली. तिच्याकडची काढणी ऑक्टोबर लागायच्या आधीच संपली होती. तारीख कशी ठरवता, असं भाऊजींनी विचारलं, तर तिने खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढून दाखवला. मण्याचा एक थेंब काचेवर, डोळ्याला लावून साखर बघायची. ओळीओळीची वेगळी, उन्हाच्या बाजूची आधी, उंचावरची नंतर. "एप्रिलमध्ये तारीख सांगणारा एकतर देव असतो," एवढंच म्हणून तिने खांदे उडवले.

मग तिने लगार दाखवला. ग्रॅनाइटची चौकोनी टाकी, खोलीएवढी. त्यात माणसं मांडीपर्यंत द्राक्षात उतरतात. पहिले तास-दोन तास ना गाणं ना नाच. खांद्यावर हात टाकून ओळीत उभं राहायचं आणि मोजणाऱ्याच्या तालावर पाऊल उचलायचं. गाणी त्यानंतर. रस उकळल्यासारखा फसफसायला लागला आणि साखर साधारण निम्मी उतरली की त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षांचंच मद्य ओतून आंबणं थांबवतात, म्हणून पोर्ट गोड राहते. टाकीच्या कडा इतक्या जांभळ्या होत्या की ताईने बोट फिरवून बघितलं.

बाईने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला बाटलीपेक्षा जास्त किमतीची वाटते. अठराव्या शतकात इथे वाइनला रंग यावा म्हणून एल्डरबेरीचा, म्हणजे एका गडद जांभळ्या फळाचा, रस मिसळायचे. इंग्रज गिऱ्हाइकं बिथरली, भाव कोसळले, तेव्हा पोर्तुगालच्या राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने १७५६ मध्ये या खोऱ्याची हद्दच आखून दिली, ग्रॅनाइटचे खांब रोवले आणि एल्डरबेरीची झाडं उपटायला लावली. ते खांब अजून दिसतात. म्हणजे आमच्याआधी बऱ्याच जणांना इथे चुना लावून झालेला होता!

पैशांचं काय झालं, ते थोडक्यात. बँकेतून थेट पाठवलेले ३६० युरो गेले. घेणाऱ्याने संमती दिली तरच परत मिळतील, असं आमच्या बँकेने सांगितलं, आणि कार्डाने दिले असते तर निदान वाद घालता आला असता हेही सांगितलं. रोखीची पावती कधीच आली नाही. पोर्तुगालमध्ये गिऱ्हाइकांसाठी खुल्या असलेल्या प्रत्येक व्यवसायाला तक्रारवही ठेवावीच लागते आणि मागितली की द्यावी लागते. नाही दिली तर पोलिसांना बोलावता येतं. मी फोनवर मागितली, तर गाईड म्हणाला ऑफिसात आहे. ऑफिस कुठे आहे, तर फोन बंद. हीच वही २०१७ पासून ऑनलाइनही आहे, तिथे तक्रार नोंदवायला बसले तेव्हा अडले, कारण तक्रार कुणाविरुद्ध? असे कार्यक्रम करणाऱ्यांना तिथे आरएनएएटी नावाच्या सरकारी यादीत नोंद करावी लागते आणि तो क्रमांक कुणालाही शोधून बघता येतो. आमच्या व्हाउचरवर क्रमांकच नव्हता. मी एप्रिलमध्ये तो मागितला असता तर बहुधा या माणसाकडून पुन्हा उत्तरच आलं नसतं.

तुम्ही जाणार असाल तर विमानाची तिकिटं सप्टेंबरच्या मध्याची काढा, किंतेला काढणीच्या तारखेबद्दल छेडू नका, आणि जो नक्की सांगता येत नाही म्हणतो त्याच्याकडे जा. दोन दिवस हाताशी मोकळे ठेवा. भाऊजींचा सल्ला वेगळा आहे: खिशात भिंग ठेवा.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. तिच्या मैत्रिणीने तिला एक जाहिरात पाठवली होती. नाव नवीन, फोन नंबर नवीन, पुढच्या ऑक्टोबरची तारीख, काढणी होणारच. वर फोटो: टोपी घातलेली, कात्री हातात धरलेली, तोंडभर हसणारी ताई. फोटो मोठा करून बघितला तर तिच्या हातातल्या घडाच्या देठापाशी हिरवी तार स्पष्ट दिसते.